फडकी कोणी खाल्ली

नव्या जेवणघराच्या उद्घाटनाला पुडिंगं धड बाहेर आली, तर आपल्याला काय काय मिळेल याचा हिशेब तैतुहाने आधीच करून ठेवला होता. मराएवरच्या, म्हणजे माओरी गावाच्या सभास्थानावरच्या, जेवणातला शेवटचा पदार्थ मरेपर्यंत त्याच्या हातात राहणार होता. वाफेच्या पेटीशेजारची खुर्ची, जिच्यावर बसून तो सकाळभर “झाकण उघडू नका” एवढंच म्हणत असे, ती कोणी हलवणार नव्हतं. आणि मेहुणी मातेरोआ निदान एक दिवस गप्प बसणार होती. या शेवटच्या बाबीची किंमत तो आधीच्या दोन्हींपेक्षा जास्त धरत असे.

पुडिंगं फसली, तर ट्रायफल. मातेरोआचं, काचेच्या भांड्यांतलं, वर डब्यातली पीचची फळं. तैतुहाच्या मते ट्रायफल म्हणजे कालचा केक आज क्रीमखाली लपवायची युक्ती.

पुडिंगं गेल्या इस्टरपासून फसत होती. दोष पिठाचा नव्हता, वाफेचाही नव्हता. ओतुकोरो गावात वाफ जमिनीतून फुकट येते आणि कधी कमी पडत नाही. दोष होता फडक्यांचा. पीठ जाड सुती फडक्यात बांधून पेटीत टांगायचं, दुपारी गाठ धरून उचलायचं, की काळंभोर, चकचकीत सालीचं पुडिंग हातात येतं. इस्टरला तैतुहाने गाठ धरून उचललं आणि हातात नुसती गाठ आली. बाकीचं पुडिंग ओट्यावर म्हशीने टाकावं तसं पडलं. पुढे चुलत्याच्या मयताच्या जेवणाला पुन्हा तेच झालं. मयताच्या घरी कोणी हसत नाही, म्हणून तेव्हा निभावलं.

ती फडकी त्याच्या बायकोने, रिपेकाने, पिठाच्या जुन्या पोत्यांतून शिवली होती. दुहेरी शिवण, चारी कोपऱ्यांना नाड्या. रिपेका जाऊन दोन हिवाळे झाले. ती होती तोवर एका फडक्याला कधी भोक पडलं नव्हतं. तेव्हा फडक्यांना कोणीतरी काहीतरी करतंय हे उघड होतं, आणि तसं तैतुहाने मराएच्या समितीत उभं राहून सांगितलं. कोणीतरी ब्लीच वापरतंय, म्हणाला.

“भावोजी, ती फडकी माझ्या बहिणीने शिवली,” मातेरोआ म्हणाली. “मी त्यांना ब्लीच लावीन?”

“मी कोणाचं नाव घेतलेलं नाही.”

“नाव घ्यायला दम लागतो. बघत तर माझ्याकडेच होतात.”

“तू समोर बसली होतीस.”

अध्यक्ष एरुएती म्हातारा होता आणि भांडणात कधी पडत नसे. त्याने स्वयंपाकघरात ब्लीच आणू नये असा ठराव मांडला. तो मंजूर झाला. मातेरोआने हात वर केला नाही, आणि त्या दिवसापासून तिने तैतुहाला “या, बसा” म्हणायचं सोडलं. टोमणे मात्र चालू राहिले. बोलणं बंद म्हणजे अगदीच बंद ठेवणं तिला परवडणारं नव्हतं.

उद्घाटनाला सहा आठवडे उरले असताना तैतुहाची भाची काहुतिया आली. ती हॅमिल्टनच्या विद्यापीठात संशोधन करत होती. वर्षभर दर पंधरवड्याला बाटल्या आणि लांब दांड्याचा तापमापक घेऊन ती यायची आणि एकेका झऱ्याचं पाणी भरून न्यायची. गावातले सगळे नाव असलेले झरे झाले होते. मिळालं काहीच नव्हतं. या सत्रात मिळालं नाही, तर तिचं शिक्षण बंद पडणार होतं आणि ती स्नानकुंडाच्या तिकीटखिडकीवर परत बसणार होती. तिची आई हे सगळ्यांना सांगत असे, त्यामुळे ते गुपित नव्हतं.

तैतुहाने तिला चहा दिला. ती चहा प्यायली नाही. मागच्या तारेवरच्या फडक्याकडे बघत राहिली.

“मामा, हा पिवळा डाग कसला?”

“कस्टर्डचा. हल्लीची पोरं नीट धूत नाहीत.”

ती उठून फडक्याजवळ गेली. भोकाच्या कडेने हळद सांडल्यासारखा पिवळेपणा पसरला होता, आणि तिथला धागा बोट लावताच ओल्या कागदासारखा निघत होता.

“ही कुठे धुतोस?”

“कुंडात. आणखी कुठे धुणार?”

स्वयंपाकघरामागे दगडांनी बांधलेलं एक लहान कुंड होतं. वरच्या झऱ्याचं पाणी चरातून तिथे पोचेपर्यंत इतपत निवे, की हात घालवत नसे, पण बटाटाही शिजत नसे. अंगावरचे कपडे आणि ताटांची फडकी एका पाण्यात धुवायची नाहीत, हे ओतुकोरोत लहान मुलालाही सांगावं लागत नाही. म्हणून फडक्यांचं कुंड वेगळं. तिथे कोणी आंघोळ करत नसे, कोणी पाय बुडवत नसे, आणि पाणी तपासायला आलेल्या बाईला ते दाखवावं असंही कोणाला सुचलं नव्हतं. भांडी घासायची मोरी पाहुण्यांना कोण दाखवतं?

काहुतियाने कुंडावरची फरशी सरकवली. आत फडकी एकावर एक दाबून ठेवलेली, वर धोंडा.

“धोंडा कशाला?”

“तरंगू नयेत म्हणून. आणि फरशी कशाला विचारशील, तर पाला पडू नये म्हणून.”

“किती वेळ ठेवतोस अशी?”

“लागतात तेव्हा काढतो,” तैतुहा म्हणाला. “जास्त भिजली की जास्त स्वच्छ.”

काहुतियाने तापमापक बुडवला. साठ अंशांच्या केसभर वर. ती कुंडाच्या काठावर बसली आणि बराच वेळ हसली. तैतुहाला यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

“मामा, तुझी फडकी ब्लीचने नाही गेली. ती खाल्लीत.”

“कोणी?”

“मी वर्षभर ज्यांना शोधतेय त्यांनी. दिसत नाहीत इतके लहान जीव. ऊन पाण्यात मजेत असतात, गार झालं की झोपतात. हवा लागली की जीव जातो, म्हणून फरशीखाली, धोंड्याखाली त्यांचं फावलंय. आणि खातात काय? सूत, कागद, लाकूड.”

“दात नसतील ना त्यांना?”

“तोंडही नाही. जेवण अंगाबाहेर चालतं. एक लांब काठी असते, तिला ओळीने खाचा. अंगात एकेक कात्री वेगळी घडते, बाहेर येते, आणि आपल्या खुंटीने एका खाचेत जाऊन बसते. अशा बऱ्याच. एक धागा मधेच तोडते. दुसरी तुटल्या टोकापासून कुरतडत जाते. तिसरी उरलेले तुकडे बारीक करते, की मग ते आत घ्यायचे. काठीलाच एक चिमटा असतो, तो कापड सोडत नाही. याच कात्र्या सुट्या सुट्या पाण्यात भटकत असत्या, तर तुझं फडकं नातवंडांना पुरलं असतं. सगळ्या एका जागी खेटून आहेत म्हणून उरकतं.”

तैतुहाने हे नीट ऐकून घेतलं. जेवणं उरकायचा त्यालाही अनुभव होता.

“तोडणारी कळली, कुरतडणारी कळली. ती काठी स्वतः काय करते?”

“काही नाही. सगळ्यांना धरून ठेवते.”

“म्हणजे एरुएती.”

“तिच्यावाचून काही होत नाही, मामा.”

“एरुएतीही हेच म्हणतो.”

पण तो हे बोलत असताना त्याचा दुसरा हिशेब चालू झाला होता. फडकी ब्लीचने गेली नाहीत, म्हणजे मातेरोआने घालवली नाहीत. कुंडात गेली, आणि कुंड त्याचं. फरशी त्याची, धोंडा त्याचा, लागतील तेव्हा काढायची पद्धतही त्याचीच. भर समितीत उभं राहून ज्याने आळ घेतला, त्याच्याच धोंड्याखाली चोर सापडला होता. हे बाहेर फुटलं, तर ट्रायफल कोणी थांबवू शकत नव्हतं.

“तुला एक फडकं देतो,” तो म्हणाला. “पिवळं बघून घे. पण कुठून आणलंस ते बोलायचं नाही.”

“विद्यापीठात सांगावं लागेल.”

“विद्यापीठात मातेरोआ जाते का?”

“नाही.”

“मग तिथे सांग.”

“परत हवंय का फडकं? तिथल्या कपाटात गाईच्या पोटातलं पाणीही ठेवतात, आधीच सांगते.”

“मग नको,” तैतुहा म्हणाला.

काहुतिया फडकं बाटलीत, कुंडाच्याच पाण्यात बुडवून, बूच घट्ट लावून घेऊन गेली. तिची गाडी वळणाआड जाताच तैतुहाने बाकीची फडकी उपसली, उन्हात टाकली, कुंड रिकामं केलं आणि ताठ ब्रशने दगड न दगड घासला. धड उरलेली फडकी त्याने कपाटात कोरडी करून ठेवली. उद्घाटनाच्या पुडिंगांना ती जेमतेम पुरत होती. रात्री त्याला छान झोप लागली.

तीन आठवड्यांनी भाची परत आली. या वेळी तिने चहा मागून घेतला, आणि तेव्हाच तैतुहाच्या लक्षात आलं की बातमी वाईट आहे.

“मिळालं नाही?”

“मिळालं होतं. बाटलीत फडकं विरघळत होतं, डोळ्यांनी दिसत होतं. मग मी चोथा गाळून टाकला आणि वरचं निवळ पाणी घेतलं. कात्र्या पाण्यात असतात ना नेहमी. पाण्यात काही म्हणजे काही नाही.”

“मग कुठे होत्या?”

“चोथ्यात. कापडाला धरून. कापड संपेपर्यंत सोडत नाहीत त्या. मीच तुला सांगितलं होतं, चिमटा असतो म्हणून.”

“आणि चोथा?”

काहुतियाने कप खाली ठेवला. “बेसिनमध्ये ओतला. आमच्या प्राध्यापकबाई तेव्हा रजेवर होत्या. परत आल्यावर त्यांनी पहिलं तेच विचारलं.”

“रिपेकाचं फडकं,” तो म्हणाला, “तू मोरीत ओतलंस.”

“हो.”

“शिकलेली माणसं ओतण्याआधी बघत नाहीत का?”

“आम्हाला जे टाकायला शिकवतात तेच टाकलं. आणखी एक फडकं दे, मामा.”

“फडकी स्वच्छ आहेत. कुंडही स्वच्छ आहे. मी घासलं.”

काहुतियाच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते बघून तैतुहाला क्षणभर बरं वाटलं, मग तितकंसं वाटलं नाही. पण ती मान हलवत म्हणाली, की हे जीव कवच करून दगडाच्या फटीत बसतात, ब्रशला पुरून उरतात. खायला मिळालं की उठतील. तिने येताना दुकानातून नवंकोरं फडकं आणलं होतं. दोघांनी ते कुंडात घातलं, फरशी लावली, धोंडा ठेवला. चार दिवसांनी काढलं तर फडकं होतं तसं, उलट थोडं उजळलेलं. काहुतियाने कडेची चिठ्ठी वाचली. अर्धं सूत, अर्धं प्लास्टिक.

“हे काय खातील,” ती म्हणाली. “यांना सवय पिठाच्या पोत्यांची.”

दुसरं कापड धुंडाळायला वेळ नव्हता. ही मंडळी काय खातात ते दोघांनाही माहीत होतं आणि ते कपाटात होतं. तैतुहाने कपाटापुढे उभं राहून पुडिंगं मोजली, फडकी मोजली. भाची मागे उभी होती, काही बोलत नव्हती. ती न बोलण्यात तिच्या आईसारखी होती. तिच्या आईने असंच न बोलता त्याच्याकडून शेताचा पूर्वेकडचा तुकडा मिळवला होता.

त्याने एक धड फडकं काढून दिलं.

“एक पुडिंग कमी,” तो म्हणाला. “विचारलं तर सांगेन पीठ कमी पडलं.”

फडकं आठवड्याच्या आत पिवळं पडलं. या वेळी काहुतियाने चोथा आईच्या अस्थी न्याव्यात तसा जपून नेला. पुढच्या सोमवारी तिचा फोन आला. चोथ्यातून काढलेल्या कात्र्यांनी कागदाची पट्टी दुपारच्या जेवणाआधी गिळली होती, काठीसकट सगळी जुळणी शाबूत होती, आणि प्राध्यापकबाईंनी केक मागवला होता. फक्त एक अडचण होती. गावातून काही जिवंत नेलं, तर मराएची परवानगी लागते, आणि त्या कागदावर समितीची सही हवी.

“समितीत कुठलं कुंड म्हणून सांगणार?” तैतुहाने विचारलं.

“गावातला एक गरम चर, असं म्हणेन.”

“असंच म्हण.”

समिती नव्या जेवणघरातच बसली. रंगाचा वास अजून जात नव्हता. काहुतियाने चांगलं सांगितलं, काठी, खाचा, कात्र्या, सगळं. पुढच्या ओळीतल्या बायकांनी माना डोलावल्या. एकीने विचारलं, हे जीव तिच्या नवऱ्याच्या जुन्या वर्तमानपत्रांच्या ढिगाला लावता येतील का. मग एरुएतीने चष्मा काढला.

“पोरी, चर कुठला?”

काहुतियाने मामाकडे पाहिलं. फक्त पाहिलं. पण मातेरोआ त्या नजरेच्या मागोमाग वळली आणि तीही तैतुहाकडे बघू लागली.

इथे तैतुहा गप्प बसला असता तर कदाचित निभावलं असतं. पण आयुष्यभर स्वयंपाकघर सांभाळताना तो एक गोष्ट शिकला होता. आपला रस्सा करपला असेल, तर दुसऱ्याच्या भाताकडे बोट दाखवावं. तो उभा राहिला.

“चराचं मागून बघू. आधी हे विचारा की हिने पहिल्या फडक्याचं काय केलं. चोथा म्हणून मोरीत ओतलं. एवढी शिकलेली. मी विश्वासाने दिलेलं फडकं.”

लोक काहुतियाकडे वळले. ती लाल झाली. मातेरोआ वळली नाही.

“कसलं फडकं, भावोजी?”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तैतुहाने ते ओळखलं, पण हात आता वरच होता.

“एक जुनं.”

“माझ्या बहिणीचं?”

“भोक पडलेलं.”

“ते भोक मी ब्लीचने पाडलेलं ना? मग त्यात हिचे जीव कुठून आले? ब्लीचमध्ये जगतात का गं ते, काहुतिया?”

“नाही, मावशी,” काहुतिया म्हणाली. मामाने तिला मोरीवरून सगळ्यांपुढे नागडं केलं होतं, त्यामुळे तिने उत्तराला उशीर लावला नाही. “ब्लीचचा एक थेंब पडला असता तर एकही मिळाला नसता.”

“मग कशात जगतात?”

“गरम पाण्यात. हवा न लागता. कापड बरेच दिवस तसंच राहिलं तर.”

मातेरोआने हात मांडीवर घेतले. तिचा आवाज चढला नाही, आणि तैतुहाला तो चढला असता तर बरं वाटलं असतं.

“रिपेका फडकी त्याच दुपारी काढायची. ताटं पुसून व्हायच्या आधी ती तारेवर असायची. मयत असो, लग्न असो. पाय सुजलेले असतानाही स्वतः जायची. तुम्ही कधी काढता, भावोजी?”

“लागतात तेव्हा,” तैतुहा म्हणाला.

मग तो खाली बसला नाही, हे त्याच्या बाजूने मांडलं पाहिजे. एरुएतीच्या चष्म्याकडे बघत तो बोलला. रिपेका गेल्यावर दुपारी कुंडाकडे जायला पाय उचलत नसे, म्हणाला. तारेवर फडकी ओळीने टांगलेली बघवत नव्हती. फरशीखाली असली की दिसत नसत. म्हणून राहू देत गेलो. ब्लीचचं मी बोललो ते खोटं होतं. म्हणजे तेव्हा खरं वाटलं होतं, पण वाटावं असंही वाटत होतं. मातेरोआ, चुकलं.

“बसा,” मातेरोआ म्हणाली.

ते “या, बसा” नव्हतं, पण अर्धं होतं.

समितीने काय ठरवलं ते दहा मिनिटांत ठरलं. काहुतियाला सही मिळाली. अट एकच, की कागदात चर लिहायचं नाही, मराएच्या स्वयंपाकघरातलं कुंड असं स्पष्ट लिहायचं. कुंडावर पुढे फरशी ठेवायची नाही. काहुतियाला खाद्य लागेल तेव्हा तिने आपलं सुती कापड आणून आपल्या देखत भिजवायचं. धड राहिलेली फडकी मातेरोआकडे जातील. त्यांत पुडिंग बांधायचं की नाही ते ती ठरवील.

तिने नाही असं ठरवलं. फडकी तिने इस्त्री करून, कागदात गुंडाळून, रिपेकाच्या फोटोखालच्या पेटीत ठेवली. त्या दिवशी ती फडकी घेऊन जाताना तैतुहा दारापर्यंत गेला होता.

“निदान उद्घाटनापुरती दिली असतीस.”

“भावोजी, तुम्हाला पुडिंग हवंय की फडकी?”

तैतुहाने यावर बराच विचार केला. मग तो आत परत आला.

उद्घाटनाच्या दिवशी वाफेच्या पेटीतून डुकराचं मांस, रताळी आणि कोबी निघाला, आणि शेवटी ट्रायफल आलं. तैतुहाची खुर्ची कोणीतरी आजारी म्हातारीसाठी आत नेली होती, ती परत आली नाही. तो दिवसभर ताटं पुसायला उभा होता आणि दुपार कलायच्या आत ताटांची फडकी तारेवर घालून आला.

हिशेब झाला तो असा. काहुतियाला तिचं शिक्षण मिळालं. त्यापोटी तिने भर समितीत मोरीत चोथा ओतणारी असं नाव कमावलं, आणि ते तिच्या पदवीपेक्षा जास्त टिकेल असा रंग आहे. मातेरोआला माफी मिळाली आणि शेवटचा पदार्थही. त्यापोटी तिने तीनशे माणसांचं क्रीम हाताने घुसळलं आणि खांदा आठवडाभर शेकत बसली. समितीची एक फरशी गेली. जीवांनी काही भरलं नाही. त्यांना आता हॅमिल्टनमध्ये रोज नवा कागद मिळतो. तैतुहाने पुडिंग दिलं, खुर्ची दिली, फडकी दिली आणि भर सभेत शब्द मागे घेतला, आणि एवढं देऊन त्याला ट्रायफलचा वाडगा मिळाला. तो त्याने संपवला, आणि मातेरोआ बघत असताना पुन्हा वाढून घेतला. बाकी सगळ्यापेक्षा त्याला तेच महाग पडलं.